स्काउटमास्तरांची शाळा

बालवीर चळवळीचा इतिहास सांगताना आपण नेहमी मुलांपासून सुरुवात करतो. १९०७ च्या ऑगस्टमध्ये बेडन-पॉवेल यांनी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळच्या ब्राउनसी बेटावर वीसेक मुलांचं शिबिर घेतलं, पुढच्या वर्षी 'स्काउटिंग फॉर बॉइज' हे त्यांचं पुस्तक आलं आणि गावोगाव मुलांच्या टोळ्या निघाल्या, इतकं बहुतेकांना ठाऊक असतं. मला आज बोलायचं आहे ते या मुलांबरोबर रानात जाणाऱ्या मोठ्या माणसांबद्दल. पगार नाही आणि सुट्टीचा दिवसही हातचा गेलेला! ही माणसं कोण होती आणि त्यांना शिकवलं कोणी?

गंमत अशी की या चळवळीत विद्यार्थी आधी जमले आणि मास्तर मागाहून आले. पुस्तक वाचून कितीतरी ठिकाणी मुलांनीच टोळ्या बांधल्या आणि मग 'आमचे स्काउटमास्तर व्हा' म्हणून कोणाकोणाला गळ घातली. तरुण पाद्री, कचेरीतले कारकून, शाळामास्तर, निवृत्त सैनिक असे नाना तऱ्हेचे लोक त्यातून पुढे आले. उत्साह भरपूर. पण सैनिकाला कवायत घेता येई आणि मास्तरांना व्याख्यान देता येई. बेडन-पॉवेल यांना नेमक्या याच दोन गोष्टी नको होत्या. सहा-आठ मुलांची टोळी, मुलांमधलाच एक तिचा नायक आणि मोठ्या माणसानं शक्यतो मागे राहायचं, अशी त्यांची पद्धत. मागे राहणं किती अवघड असतं, हे ज्यांनी घरात मुलं वाढवली आहेत त्यांना सांगायला नको.

आणि जबाबदारी तर मोठीच. ४ ऑगस्ट १९१२ रोजी थेम्स नदीच्या मुखाजवळ, शेपी बेटावरच्या लेस्डाउनपाशी, लंडनच्या वॉलवर्थ भागातल्या स्काउटांची शिडाची होडी वाऱ्याच्या अचानक आलेल्या झोतानं उलटली. नऊ मुलं बुडाली. बरोबरची मोठी माणसं बेफिकीर होती असं मला म्हणायचं नाही; वाऱ्यापुढे कोणाचं चालतं? पण आईबाप आपलं पोर ज्याच्या हाती सोपवतात त्याला काय काय यायला हवं, हा प्रश्न तोंडी लावण्यापुरता राहिला नव्हता.

तोवर शिक्षणाचे प्रयोग झाले होते, पण त्यांत भर व्याख्यानांवर. मग महायुद्ध आलं. अनेक स्काउटमास्तर आघाडीवर गेले, त्यांतले कित्येक परतलेच नाहीत. युद्ध संपलं तेव्हा मुलं होती, टोळ्या होत्या आणि नेत्यांची जागा रिकामी होती.

अशा वेळी विल्यम मॅक्लारेन नावाचे एक स्कॉटिश गृहस्थ पुढे आले. लंडनच्या पूर्व भागातल्या गरीब मुलांना तंबू ठोकायला हक्काची जागा असावी, एवढीच त्यांची इच्छा. एपिंगच्या जंगलाच्या कडेला गिलवेल पार्क नावाची एक पडीक वाडी होती. ती घेण्यासाठी त्यांनी ७,००० पौंड दिले आणि पुढे डागडुजीसाठी आणखी ३,०००. मुलांच्या तळाबरोबर तिथं स्काउटमास्तरांची शाळाही काढायची, हे बेडन-पॉवेल यांनी मनाशी ठरवलं. जुलै १९१९ मध्ये गिलवेलचं उद्घाटन झालं आणि ८ सप्टेंबरला पहिला वर्ग भरला. विद्यार्थी १९, सगळे वयानं मोठे. प्रमुख होते फ्रान्सिस गिडनी. पहिल्या दिवशी आफ्रिकेतून आणलेलं कुडू हरणाचं शिंग फुंकून सर्वांना बोलावलं गेलं.

या वर्गाची खरी कल्पकता मला पुढच्या गोष्टीत दिसते. त्या १९ जणांना बाकांवर बसवून 'मुलांना कसं शिकवावं' हे सांगितलं नाही. त्यांच्याच टोळ्या पाडल्या. तंबू त्यांनी ठोकायचा, चूल त्यांनी पेटवायची, भांडी त्यांनी घासायची. नायकपद आळीपाळीनं. म्हणजे काल ज्यानं हुकूम सोडला, त्यानं आज दुसऱ्याचा ऐकायचा. घरी ज्यानं कधी पाण्याचा तांब्या उचलला नाही, अशा माणसाला ओलं लाकूड पेटवताना काय वाटतं, याचा अनुभव आल्यावर तो दहा वर्षांच्या मुलावर ओरडताना एकदा तरी विचार करील. पुढे अभ्यासक्रमाचे तीन भाग ठरले: घरी बसून लेखी उत्तरं, मग शिबिर आणि शेवटी आपल्याच पथकात काही महिन्यांचं काम. ते तपासल्याशिवाय खूण मिळत नसे.

ही खूण म्हणजे चामड्याच्या वादीत ओवलेले दोन लाकडी मणी, 'वुड बॅज'. त्याची कथा आपण भारतीयांनी जरा थांबून ऐकावी अशी आहे. १८८८ मध्ये झुलू राजा डिनिझुलू याच्याविरुद्धच्या मोहिमेत बेडन-पॉवेल होते. तिथं लाकडी मण्यांची एक लांबलचक माळ त्यांच्या हाती लागली. पहिले मणी या माळेतले. ते पुरेनात, तेव्हा नवे कोरून घेतले. डिनिझुलूला इंग्रजांनी सेंट हेलेना बेटावर हद्दपार केलं होतं. सेवेची खूण म्हणून गळ्यात घालायचे मणी हरलेल्या राजाच्या माळेतले! चळवळीतला भलेपणा खरा आणि साम्राज्याचा हा धागाही खरा. एक सांगून दुसरा लपवू नये.

भारतात हा धागा फार काचला. १९०९ पासून इथं स्काउटिंग होतं, पण ते युरोपियन आणि अँग्लो-इंडियन मुलांसाठी. देशी पोरं रानात माग काढायला शिकली तर उद्या क्रांतिकारक होतील, अशी सरकारला धास्ती. तेव्हा आपल्या लोकांनी आपली वाट काढली. श्रीराम वाजपेयी यांनी शाहजहानपूरला, ॲनी बेझंट आणि अरुंडेल यांनी मद्रासकडे, मदनमोहन मालवीय आणि हृदयनाथ कुंझरू यांनी अलाहाबादला सेवा समितीतून. हे कुंझरू म्हणजे गोखल्यांनी पुण्यात स्थापन केलेल्या भारत सेवक समाजाचे पुढे अध्यक्ष झाले ते. १९२१ च्या बेडन-पॉवेल यांच्या भेटीनंतर काही संस्था एकत्र आल्या, तरी सेवा समिती वेगळीच राहिली. १९३७ च्या भेटीनंतर भारतीयांच्या स्वभावाविषयीच्या त्यांच्या उद्गारांनी अनेक कार्यकर्ते दुखावले आणि १९३८ मध्ये हिंदुस्थान स्काउट असोसिएशन उभी राहिली.

आणि विरोधाभास पाहा! गिलवेलला १९२३ पासून वीस वर्षं प्रमुख होते जे. एस. विल्सन. हे कलकत्ता पोलिसांतले अधिकारी; स्काउटिंगची गोडी त्यांना कलकत्त्यातच लागली. म्हणजे जगभरच्या स्काउटमास्तरांना घडवणारा माणूस आपल्याकडून तिकडे गेला.

स्वातंत्र्यानंतर, ७ नोव्हेंबर १९५० रोजी, भारत स्काउट्स अँड गाइड्स ही एकच संस्था झाली. १९५६ मध्ये तिचं राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र पचमढीला सुरू झालं. जुन्या मध्य प्रांताची राजधानी नागपूर, उन्हाळी राजधानी पचमढी. त्या प्रांतातलं स्काउटिंग वाढवणाऱ्यांत नागपूरचे न्यायमूर्ती विवियन बोस हे मोठं नाव. इथल्या शिक्षणक्रमाच्या शेवटच्या पायरीला 'हिमालय वुड बॅज' म्हणतात.

एक फरक मात्र पडला. आपल्याकडे स्काउटमास्तर म्हणजे बहुतेक करून शाळेतले शिक्षक, आणि पुष्कळदा मुख्याध्यापकांनी 'तुम्ही जा' म्हणून धाडलेले. स्वतःहून आलेला कारकून आणि आदेशानं आलेला शिक्षक यांत अंतर असणारच. पण शिबिरात हजेरी झाली की दोघांनाही एकाच टोळीत बसावं लागतं आणि त्या दिवशीचा नायक कदाचित त्यांच्या निम्म्या वयाचा असतो. शिबिर संपलं की मणी लगेच गळ्यात पडत नाहीत. आधी आपल्या शाळेत परत जायचं, आपल्या मुलांबरोबर काम करायचं आणि ते कोणीतरी येऊन पाहायचं.