खजुरीची हाक

डोळे अंधाराला सरावू द्या. तुम्ही दोन हजार वर्षं मागे आलात, यहूदियात. कोपऱ्यात एक लेखनिक मान खाली घालून बोरू चालवतोय. जवळ जा. कमावलेल्या चामड्यावर त्याने रेघा ओढल्यात आणि अक्षरं रेघांवर बसवलेली नाहीत, त्यांच्याखाली टांगली आहेत, आपल्या देवनागरीसारखी. ओळ मात्र उजवीकडून डावीकडे जाते. भाषा अरामी.

तो लिहितोय ती गोष्ट बायबलमधली आहे: दुष्काळात अब्राम बायको सारयला घेऊन मिसर देशात जातो आणि जीव वाचवायला तिला बहीण म्हणवतो. बायबलच्या उत्पत्ती या पुस्तकात हे ११ वचनांत आटोपतं. सारय त्यात एक शब्दही बोलत नाही.

आता लेखनिकाच्या खांद्यावरून वाचा. इथे अब्राम स्वतःच सांगतोय. मिसरात शिरल्या रात्री त्याला स्वप्न पडतं: एक गंधसरू, एक खजुरी. माणसं गंधसरू तोडायला येतात. खजुरी ओरडते, आम्ही दोघं एकाच मुळाची आहोत! गंधसरू वाचतो. अब्राम घाबरून उठतो. काय पाहिलंस, सारय विचारते. ऐकून घेते. त्या रात्री ती रडते.

घाई करू नका, इथेच थांबा. हे रचणाऱ्याचं नाव उरलेलं नाही, पण उत्पत्तीतली सारयची ती शांतता त्याला सोसली नसावी. अब्रामचं खोटं त्याने लपवलं नाही, तिचं रडणं मात्र त्याच्याशेजारी आणून ठेवलं. ग्रंथावर जीव असल्याशिवाय हे सुचत नाही, असं मला मनापासून वाटतं.

पुढे सरदार मिसरच्या राजापुढे, फारोपुढे, सारयच्या रूपाचं वर्णन करतात. तिला नेतात, आता अब्राम रडतो. दोन वर्षं दुष्ट आत्मा राजाला छळतो, तो तिला स्पर्शही करू शकत नाही. उत्पत्तीने हे इतकं स्पष्ट सांगितलेलं नव्हतं.

लेखनिक बोरू बुडवतो. हीच शाई पुढे जागोजागी चामडं खाणार आहे. १९४७ मध्ये ही गुंडाळी कुमरानजवळच्या गुहेत सापडेल, मोठ्या कष्टाने उलगडली जाईल, आणि अभ्यासक तिला ‘जेनेसिस अपोक्रिफॉन’ म्हणतील. त्याला यातलं काही सांगू नका. बसून राहा. निपुत्रिक अब्राम आता देवाला वारसाबद्दल विचारतोय. देव उत्तर द्यायला लागतो आणि वाक्य अर्ध्यावर असताना चामड्याचा तुकडा संपतो. तुमच्या काळापर्यंत एवढंच पोचलंय. पुढचा तुकडा शिवणीपासून सुटून गेला.

इथे लेखनिक त्या पुढच्या तुकड्याकडे वळतो. रेघेखाली पहिलं अक्षर टांगतो. पुढे झुका.