लढाऊ वैमानिकाची घडण : प्रस्तावना

लढाऊ विमानांवर मराठीत उत्साहाने लिहिले जाते, पण ते बहुधा यंत्रावर: वेग, पल्ला, क्षेपणास्त्रे. ओझरच्या कारखान्यात मिग आणि सुखोई तयार झाली, पुणेकरांना लोहगावची विमाने परिचयाची आहेत. हे कुतूहल साहजिकच. मात्र हवाई दल युद्धाला किती सज्ज आहे हे जाणायचे, तर वैमानिक कसा घडतो ते आधी पाहावे लागते. या अभ्यासात नव्याने येणाऱ्या वाचकाचे मनापासून स्वागत.

सुरुवात शरीरापासून करावी. तीव्र वळणात ९ 'जी', म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या नऊपट, इतका भार आला की ७० किलोच्या माणसाला आपले वजन ६३० किलो झाल्यासारखे वाटते. रक्त मेंदूकडून पायांकडे ओढले जाते. आधी रंग फिके पडतात, नजर आक्रसते, मग शुद्ध हरपते. हा भार सोसायला मदत करणाऱ्या जी-सूट या पोशाखाचा आधार असतो, तरी पाय आणि पोट आवळून, श्वास लयीत रोखून वैमानिकाला टिकावे लागते. त्याच वेळी शत्रू, जोडीदार आणि इंधन यांचे भानही ठेवायचे असते.

एवढी तयारी टप्प्याटप्प्यानेच होते. भारतात एक टप्पा दीर्घकाळ अपुरा राहिला. प्रगत जेट प्रशिक्षण विमान घ्यावे, ही ला फाँटेन समितीची शिफारस १९८२ची. तशी हॉक विमाने बीदरच्या हवाई तळावर दाखल झाली २००८ मध्ये. मधल्या काळात अनेक तरुणांना किरणसारख्या संथ विमानावरून मिग-२१कडे जावे लागले. धोरणातल्या या दिरंगाईचा अभ्यास आपल्याकडे फार थोडा झाला आहे, याचे मला दुःख आहे.

परवाना मिळाला म्हणजे सज्जता आली असे नव्हे. व्हिएतनाममधल्या हानीतून अमेरिकी नौदलाने १९६९ मध्ये मिरामारला हवाई लढाईचे खास प्रशिक्षण सुरू केले. पहिल्या दहा युद्धमोहिमांतच धोका सर्वाधिक असतो, या निष्कर्षातून १९७५ मध्ये अमेरिकी हवाई दलाचा 'रेड फ्लॅग' हा सराव उभा राहिला: त्या दहा मोहिमा शांततेतच अनुभवून घ्यायच्या. भारतात डावपेच शिकवणारी 'टॅकडे' ही संस्था १९७१ मध्ये स्थापन झाली आणि त्याच वर्षीच्या युद्धात तिच्या वैमानिकांनी रात्रीचे हल्ले केले. आज ती ग्वाल्हेरला आहे.

नवख्या अभ्यासकाने डीब्रीफिंगकडे, म्हणजे उड्डाणानंतरच्या चर्चेकडे, विशेष लक्ष द्यावे. सॉर्टी, म्हणजे एक उड्डाण, तासाभराची, तर तिची चिरफाड कित्येकदा त्याहून लांबते. कनिष्ठाने वरिष्ठाची चूक तिथे उघडपणे दाखवणे अपेक्षित असते. सिम्युलेटर प्रत्यक्ष उड्डाणाची जागा कुठवर घेऊ शकतो, हा वाद अजून चालू आहे. त्यात उतरायला शालेय भौतिकशास्त्र पुरेसे आहे.