आठ पाकळ्यांचा साक्षीदार

इतिहास म्हटला की ताम्रपट, शिलालेख, बखरी आणि दप्तरे आपल्या डोळ्यांपुढे येतात. परंतु जेथे लिहिणाराच कोणी नव्हता, त्या काळाची साक्ष कोणी द्यावयाची? श्रोतेहो, अशा काळाचा एक साक्षीदार मी आज आपणांपुढे उभा करीत आहे. तो राजा नव्हे की पंडित नव्हे. जमिनीला बिलगून वाढणारे ते एक रानफूल आहे.

त्याचे शास्त्रीय नाव ड्रायस ऑक्टोपेटाला. स्वीडनच्या लिनियसने १७५३ च्या आपल्या ग्रंथात ते नोंदविले. पाने ओकच्या पानांसारखी म्हणून ग्रीक पुराणातील वृक्षदेवतेचे नाव, आणि पांढऱ्या पाकळ्या बहुधा आठ म्हणून ‘अष्टदली’ हे विशेषण. हे झुडूप गुलाबाच्या कुळातले. उत्तर ध्रुवाकडील माळांवर आणि आल्प्सच्या माथ्यावर ते चटईसारखे पसरते. पानांची खालची बाजू पांढऱ्या लवेने झाकलेली असते. फूल सूर्याकडे तोंड करून फिरते, आणि त्या उबेला किडे येतात. थंडीवाऱ्याला न भिणारे हे झाड सावलीपुढे मात्र हार खाते. अरण्य वाढले की ते हटले.

याच दुबळेपणामुळे त्याची साक्ष मोलाची ठरली. १८७० साली नाथोर्स्ट या स्वीडिश संशोधकाला दक्षिण स्वीडनमधील स्कोने प्रांतात, जुन्या चिकणमातीच्या थरांत ध्रुवप्रदेशातील वनस्पतींची पाने सापडली. त्यांत ड्रायसबरोबर बुटके विलो आणि बुटके बर्चही होते. एका कागदावर भिस्त न ठेवता इतिहासकार दुसऱ्या कागदाशी तो ताडून पाहतो, तसेच हे. पुढे १९०१ साली हार्ट्‌झ आणि मिल्थर्स यांनी डेन्मार्कमध्ये आलरॉड येथील मातीचे थर वाचले. खाली ड्रायसची माती, मध्ये बर्चचे अवशेष असलेला उबदार काळाचा थर, आणि वर पुन्हा ड्रायसची माती! म्हणजे हिमयुग सरत आले, झाडे परतली, आणि थंडीने पुन्हा उचल खाल्ली. सुमारे १२,९०० ते ११,७०० वर्षांपूर्वीच्या या काळाला शास्त्रज्ञांनी फुलाचेच नाव दिले: ‘यंगर ड्रायस’, म्हणजे धाकटा ड्रायस.

वितळलेल्या बर्फाचे गोडे पाणी उत्तर अटलांटिकमध्ये शिरून उष्ण प्रवाह मंदावला, असे या थंडीचे कारण पुष्कळ अभ्यासक देतात. पण याहून मोठा बोध शेवटाचा आहे. ग्रीनलंडच्या बर्फाच्या गाभ्यांवरून दिसते की ही थंडी संपताना तेथील हवामान काही दशकांतच पालटले. एका माणसाच्या आयुष्यात मावेल एवढा तो अवधी! निसर्गाची पावले नेहमीच सावकाश पडतात, ही आपली समजूत येथे ढळते.

आज पृथ्वी पुन्हा तापत आहे, आणि या वेळी कारण आपणच आहोत. झुडपे आणि झाडे डोंगर चढू लागली आहेत. मागे ड्रायसला मागे हटावयास उत्तरेची भूमी मोकळी होती. शिखराच्या माथ्यावर पोचलेल्या फुलाने आता कोठे जावे? साक्षीदाराने आपली जबानी दिली आहे. ती ऐकून वागणे न वागणे आपल्या हाती आहे.