हलतंय, पण कुठल्या बाजूला?

विमानात मी पंखाच्या थोडी मागची खिडकी मागून घेते. ढग बघायला नाही. विमान धावपट्टीकडे सावकाश निघालेलं असतं, शेजारचे लोक शेवटचं व्हॉट्सॲप पाठवत असतात, आणि तेवढ्यात पंखाच्या टोकाजवळची एक लांबट फळी वर उचलली जाते, खाली जाते, परत जागेवर येते. काही सेकंदांचा मामला. पुढच्या वेळी बघा. पायलट उड्डाणाआधी विमान आपलं ऐकतंय का, ते तपासत असतो.

त्या फळीचं नाव एलेरॉन. डाव्या पंखावरची वर जाते तेव्हा उजव्या पंखावरची खाली जाते, मग डावा पंख झुकतो आणि विमान डावीकडे वळतं. कॉकपिटमध्ये स्टिक डावीकडे केली की एवढं घडायला हवं.

मला हे वेड लागलं स्कूटरमुळे. गॅरेजमधून वायरिंग करून आणली होती. बटण दाबलं, समोर इंडिकेटरचा दिवा लुकलुकला, मी पैसे देऊन निघाले. कर्वे रोडवर उजवीकडे वळायला गेले तर मागचा टेम्पो उजवीकडूनच घुसला. आरशाला घासून गेला. मी तावातावाने भांडायला लागले, तर तो म्हणाला, "ताई, तुम्ही डावीकडचा दाखवताय!" खरंच होतं. वायरी उलट्या जोडल्या होत्या. दिवा लागतो का, हे मी बघितलं होतं. कुठला लागतो, हे नव्हतं बघितलं.

विमानांच्या इतिहासात हीच चूक पुन्हा पुन्हा भेटते, आणि तिथे भांडायला कोणी उरतंच असं नाही.

चेकलिस्टची गोष्ट सगळे सांगतात: 30 ऑक्टोबर 1935, अमेरिकेतल्या डेटनजवळचं राइट फील्ड, बोइंगचं नवंकोरं मॉडेल 299. जमिनीवर उभ्या विमानाच्या फळ्या वाऱ्याने आपटू नयेत म्हणून लावलेलं कुलूप काढायचं राहिलं, आणि विमान उडताच कोसळलं. त्यातून पायलटच्या हातात कागद आला. पण तो इलाज विसरण्यावरचा. कुलूप राहिलं तर स्टिक हलतच नाही, तपासलं की कळतं. जोडणीच उलटी असेल तर? सगळं हलतं, अगदी लोण्यासारखं हलतं.

23 ऑगस्ट 1947. इंग्लंडमधलं वुडफर्ड. ॲव्हरो कंपनीचं ट्यूडर 2 हे विमान दुरुस्तीनंतर चाचणीसाठी निघालं. चालवत होते बिल थॉर्न, कंपनीचे अनुभवी चाचणी-वैमानिक. सोबत रॉय चॅडविक, म्हणजे ज्यांनी दुसऱ्या महायुद्धातलं लँकेस्टर बॉम्बर डिझाइन केलं तेच. एलेरॉनच्या केबल उलट जोडल्या गेल्या होत्या. विमान जमिनीवरून उठलं, झुकलं आणि पडलं. थॉर्न आणि चॅडविक दोघेही गेले. विमान झुकल्यावर अनुभवी हात क्षणात उलट बाजूला जातो, आणि केबल उलट्या असल्या की तोच हात विमानाला आणखी झुकवतो. जितका तरबेज पायलट, तितकी घाई. मला या प्रकरणातलं हेच सगळ्यात भयंकर वाटतं.

फ्लाइंग स्कूलमध्ये यावर एक साधी युक्ती शिकवतात. स्टिक पकडून अंगठा वर ठेवा. स्टिक डावीकडे केली की अंगठा डावीकडे कलतो. त्या बाजूची फळी वर आलेली दिसली पाहिजे. पूर्ण हलते का, मोकळी हलते का, आणि बरोबर दिशेला हलते का, असे तीन वेगळे प्रश्न आहेत. छोट्या विमानात मान वळवली की उत्तर मिळतं.

मोठ्या जेटमध्ये मात्र पायलटला बसल्या जागेवरून पंखाची टोकं नीट दिसत नाहीत. मला खिडकीतून फळी दिसते, स्टिक दिसत नाही. त्यांचं बरोबर उलटं. म्हणून त्यांच्यासाठी स्क्रीनवर फळ्यांच्या छोट्या खुणा असतात. एक पायलट स्टिक हलवतो, दुसरा खुणा बघून मोठ्याने सांगतो.

20 मार्च 2001 ला फ्रँकफर्टमध्ये लुफ्तान्साच्या एअरबस ए320 वर ही तपासणी झाली. दुरुस्तीत दोन वायरींची अदलाबदल झाल्याने कॅप्टनची स्टिक आडव्या दिशेत उलटी चालत होती. खुणा हलल्या, दिशा कुणाच्या लक्षात आली नाही. ए320 मध्ये कॅप्टनची स्टिक त्याच्या डाव्या हाताला असते, को-पायलटच्या जवळजवळ नजरेआड. उडताच विमान डावीकडे झुकलं. कॅप्टनने स्टिक उजवीकडे केली, ते आणखी डावीकडे गेलं. पंखाचं टोक जमिनीपासून जेमतेम अर्ध्या मीटरवर आलं म्हणतात. को-पायलटने बटण दाबून ताबा स्वतःकडे घेतला. त्याची स्टिक बरोबर चालत होती. सगळे वाचले.

वाटेल, आता संपलं असेल. दुरुस्तीनंतर दुसऱ्या माणसाने स्वतंत्र तपासणी करायचा नियम आहे, सुटे भाग उलटे बसूच नयेत असे बनवतात. तरीही 11 नोव्हेंबर 2018 ला, पोर्तुगालमध्ये मोठी देखभाल आटोपून एअर अस्तानाचं एम्ब्रेअर 190 लिस्बनजवळच्या अल्वेर्काहून निघालं, ते एलेरॉनच्या केबल उलट्या घेऊनच. दुरुस्ती करणारे चुकले, तपासणारे चुकले, आणि उड्डाणाआधीच्या चाचणीत पायलटनाही ते दिसलं नाही. विमानात सहाच जण होते, तीन पायलट आणि तीन तंत्रज्ञ. ढगात शिरताच विमान लोळण घ्यायला लागलं. पायलटनी समुद्रात उतरायची तयारी दाखवली. दीड तासाच्या आसपास ते त्या विमानाशी झुंजत राहिले. हळूहळू त्यांना त्याचा उफराटा स्वभाव कळत गेला, एलेरॉन कमीत कमी वापरायचं हे उमगलं. हवाई दलाच्या दोन एफ-16 विमानांनी त्यांना बेजाच्या तळाकडे नेलं. दोन प्रयत्न फसले. तिसऱ्यांदा ते टेकले, ज्या धावपट्टीवर उतरायचं होतं तिच्या शेजारच्या धावपट्टीवर. सहाही जण जिवंत. ते विमान मात्र पुन्हा कधी उडालं नाही.

या तिघांत निष्काळजी, झोपाळू माणसं शोधायचा मोह मलाही झाला होता. पण हजार वेळा तपासून हजार वेळा बरोबरच निघालेली गोष्ट डोळा कशी बघतो? खूण हलली की तो पुढे सरकतो. मी तर स्कूटरचा दिवा एकदाच बघत होते, तरी सरकले.

आता गॅरेजमधून स्कूटर घेताना मी बटण दाबते आणि तिथल्या पोऱ्याला मागे उभं करून विचारते, "कुठला लागला?" तो दरवेळी हसतो. मागच्या महिन्यात न विचारताच म्हणाला, "उजवा, ताई."