परिचारिकेची उसंत

7 ऑगस्ट 1856 रोजी डर्बिशरमधल्या एका लहानशा स्टेशनवर एक बाई उतरली आणि पायीच घरी गेली. प्रवासात तिनं ‘मिस स्मिथ’ हे नाव घेतलं होतं. क्रिमियाच्या युद्धावरून परतणाऱ्या फ्लॉरेन्स नाइटिंगेलना सत्कार आणि मिरवणुका टाळायच्या होत्या.

विश्रांती मात्र त्यांनी घेतली नाही. सैन्याच्या आरोग्याची चौकशी करायला रॉयल कमिशन नेमलं जावं म्हणून त्यांनी जिवाचं रान केलं आणि वर्षभरात, सदतिसाव्या वर्षी, अंथरूण धरलं. माल्व्हर्नला पाण्याचे उपचार झाले. क्रिमियातल्या बाल्कलाव्हाला 1855 मध्ये आलेला ताप ब्रुसेलोसिसचा असावा आणि त्यानेच पुढे पिच्छा पुरवला, असं काही डॉक्टर आज म्हणतात. बाईंचं दुखणं सोयीचं होतं, असा टोमणा मारणारेही आहेत. त्यात तथ्य एवढंच की दुखण्याच्या आडोशाने त्यांनी दिनक्रम स्वतःच्या हातात घेतला. भेटीची वेळ आधी ठरवायची, एका वेळी एकानेच आत यायचं. आई आणि बहिणीलाही हाच नियम. मुंबईचे माजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर 1867 साली येऊ लागले, तेव्हा हिंदुस्थानातल्या सांडपाण्याची चर्चा अशाच भेटींत झाली.

‘नोट्स ऑन नर्सिंग’ हे पुस्तक याच काळातलं. आजारपणात कुणीतरी रानफुलांचा गुच्छ पाठवला आणि तिथून आपण झपाट्याने बऱ्या होऊ लागलो, असं त्यात त्या सांगतात. त्याच पुस्तकात एक अख्खं प्रकरण अशा व्यवस्थेवर आहे, की परिचारिका जागेवर नसतानाही तिचं काम अडू नये. तिला रजा मिळायची तर दुसरा मार्ग कुठला?

पण नाइटिंगेलना वडिलांकडून वर्षाला 500 पौंड मिळत. 1860 मध्ये सेंट थॉमस रुग्णालयात त्यांच्या नावाच्या शाळेत आलेल्या पंधरा शिकाऊ मुलींना असा आधार कुठून असणार? त्यांच्या वाट्याला आली ती शिस्त, आणि दार लावून घेण्याची मुभा मात्र नाही.

शंभर वर्षांनी, 1960 साली, मनोविश्लेषक इझाबेल मेन्झीस यांनी लंडनच्या एका रुग्णालयाचा अभ्यास प्रसिद्ध केला. तिथल्या सुमारे एक तृतीयांश शिकाऊ नर्सेस शिक्षण अर्धवट सोडत होत्या. रुग्णाला नावाऐवजी खाटेच्या नंबराने किंवा अवयवाने ओळखायचं. झोपेच्या गोळीची वेळ झाली म्हणून झोपलेल्याला उठवायचं. मेन्झीस यांच्या मते हे सगळे रिवाज मृत्यूच्या सान्निध्यातली धास्ती दूर ठेवण्यासाठी होते. धास्ती तशीच राहिली आणि कामातलं समाधान तेवढं गेलं.

न्यूयॉर्कचे मानसशास्त्रज्ञ फ्रॉइडेनबर्गर यांनी 1974 मध्ये कामातून येणाऱ्या थकव्याला ‘बर्नआउट’ म्हटलं. त्यावर योग, समुपदेशन, सुट्टी असे उपाय सुचत राहिले. ते वाईट नाहीत, पण सुट्टीवरून परतल्यावर वॉर्ड तोच असेल तर किती दिवस पुरणार? संशोधक लिंडा एकेन आणि सहकाऱ्यांनी 2002 मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या रुग्णालयांची आकडेवारी मांडली: नर्समागे एक रुग्ण वाढला की तिला बर्नआउट होण्याची शक्यता 23 टक्क्यांनी वाढते.

कॅलिफोर्नियाने तोवर कायदा केला होता. 2004 पासून साध्या वॉर्डात एका नर्समागे जास्तीत जास्त सहा रुग्ण, पुढच्या वर्षी पाच. गव्हर्नर अरनॉल्ड श्वार्झनेगर पाचाचा आकडा लांबणीवर टाकायला निघाले, तेव्हा नर्सेस रस्त्यावर उतरल्या आणि कोर्टातही गेल्या. 2005 मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला.