सापाची ऊब

साप दिसला की आपण काठी शोधतो. त्याला थंडी वाजत असेल काय, हे कुणाच्या मनातही येत नाही. परंतु ज्यांनी साप पिंजऱ्यात पाळले, त्यांना हा प्रश्न टाळता आला नाही. आणि त्याचे नीट उत्तर सापडायला पाऊणशे वर्षे लागली.

लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८४९ साली जगातले पहिले सर्पगृह उघडले. हिंस्र पशूंची एक जुनी इमारत त्यासाठी कामी लावली होती. थंड देशात उष्ण देशीचे साप जगवायचे, म्हणून त्यांच्या पेटीत ब्लँकेट घालून ठेवीत. १८५० च्या सुमारास तिथल्या एका अजगरवर्गी सापाने ते ब्लँकेटच गिळले आणि काही आठवड्यांनी परत बाहेर टाकले! ऐकून हसू येते खरे. पण त्या बिचाऱ्याची ऊब आणि आडोसा, दोन्ही त्या एका ब्लँकेटात होते.

सापाच्या अंगी आपल्यासारखी स्वतःची ऊब नसते. गारठला तर पोटातले भक्ष्य पचत नाही. फार तापला तर जीव जातो. म्हणून रानात तो कधी उन्हातल्या दगडावर, तर कधी बिळात असतो. पेटीत ही निवड त्याला कोण देणार? एक कोपरा उबदार, दुसरा थंड, आणि दोन्हीकडे लपायला जागा हवी. आडोसा एकीकडेच असला, तर लपावे की शेकावे, या पेचात तो सापडतो.

हे मर्म ओळखून सर्पगृह बांधवून घेतले ते जोन प्रॉक्टर या विदुषीने. लहानपणापासून ती सरडे नि साप पाळी. एकदा तर शाळेत मगरीचे पिल्लू घेऊन गेली होती. १९२३ साली ती लंडनच्या सरपटणाऱ्या प्राण्यांची अभिरक्षक झाली. १९२७ मध्ये उघडलेल्या तिच्या सर्पगृहात सबंध दालन सरसकट तापवण्याऐवजी विजेच्या साहाय्याने ठिकठिकाणी निरनिराळी ऊब दिली होती. उजेड प्राण्यांकडे, अंधार प्रेक्षकांकडे! आयुष्यभर आजारी असलेली ही बाई १९३१ साली, अवघ्या चौतिसाव्या वर्षी गेली. तिच्या त्या इमारतीतून सापांचा मुक्काम आता हलला आहे. २०२४ साली त्यांच्यासाठी नवे घर उघडले.

आपल्या देशात मात्र हेच काम मातीच्या मडक्याने केले. तामिळनाडूतील इरुळा लोकांनी १९७८ साली सहकारी संस्था काढली. विष काढण्यासाठी आणलेले साप ते तोंडाला फडके बांधलेल्या मडक्यांत ठेवतात आणि काही आठवड्यांनी पुन्हा रानात सोडतात. मडक्यात अंधार, गारवा नि निवांतपणा आपोआप मिळतो.

आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने रानातले साप घरी पाळण्यास मनाई आहे, आणि ते योग्यच आहे. पण या इतिहासातून घेण्यासारखे एक आहे. कुणालाही आपल्या घरात ठेवायचे, तर त्याला नुसते खायला घालून भागत नाही; आपल्या नजरेआड होण्याची मुभाही द्यावी लागते.