७५ सेंटचा हिशेब

"रक्कम किती गेली?" ऑनलाइन फसवणुकीची तक्रार घेऊन गेलं की बहुतेक वेळा पहिला प्रश्न हाच येतो. आकडा छोटा असला की समोरच्याचा रस तिथंच संपतो. हे आजचं नाही, आणि फक्त आपल्याकडचंही नाही.

ऑगस्ट १९८६. कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत कॉम्प्युटर वापराच्या हिशेबात ७५ सेंटचा फरक आला. पुरता एक डॉलरही नाही! क्लिफर्ड स्टोल मूळचा खगोलशास्त्रज्ञ. संशोधनाचा निधी संपला म्हणून कॉम्प्युटर विभागात आलेला. फरक शोधायचं काम त्याच्याकडे आलं. 'हंटर' नावाच्या कुणीतरी कॉम्प्युटर वापरला होता, पण बिल कुणाला पाठवायचं याची नोंदच नव्हती.

आपण काय केलं असतं? ते खातं बंद करून मोकळे झालो असतो. स्टोलने दार मुद्दाम उघडं ठेवलं. एका शनिवार-रविवारी इकडून तिकडून यंत्रं गोळा करून बाहेरून येणाऱ्या सुमारे ५० लाइनींना जोडली. चोर टाइप करेल ते अक्षर न् अक्षर कागदावर. शिवाय वही: वेळ काय, काय दिसलं, कुणाला फोन केला, तो काय म्हणाला. माझ्या मते या तपासाचा सगळा जीव त्या वहीत आहे. 'मला वाटतं' आणि 'माझ्याकडे नोंद आहे' यांत फार अंतर असतं, हे बातमीदारालाही कळतं.

कागदांवरून दिसलं, की चोर इथून लष्करी कॉम्प्युटरांत शिरू पाहतोय. एफबीआयला कळवलं. नुकसान किती? ७५ सेंट. मग राहू द्या.

माग जर्मनीपर्यंत गेला. पण तिथली टेलिफोन एक्स्चेंज जुनी, लाइन हाताने शोधायची. तेवढ्यात चोर फोन ठेवून पसार. म्हणून १९८७ च्या सुरुवातीला 'एसडीआय' या अमेरिकी क्षेपणास्त्रविरोधी योजनेच्या नावाने खोट्या फायलींचा ढीग रचला. चोर वाचत बसला, आणि लाइन हॅनोव्हर शहरात मिळाली. काही महिन्यांनी तर पिट्सबर्गहून कुणीतरी टपालाने त्याच कागदपत्रांची मागणी केली! तो पत्ता त्या खोट्या फायलींशिवाय कुठंच नव्हता.

चोराचं नाव मार्कुस हेस. माहिती सोव्हिएत केजीबीला विकली जात होती. १९९० मध्ये हेस आणि साथीदार दोषी ठरले. शिक्षा झाली, तीही निलंबित.